अकरा हातांवरचा हंसराज

हेमा पानवलकरच्या घरात अंबाड्याचे आकडे टिकत नसत. बाजारातून डझनाचं पाकीट आणावं, आरशाखालच्या वाटीत मोजून ओतावं, तरी दर पावसाळ्यात त्यातले एक-दोन हमखास नाहीसे होत. संशय घ्यावा तर घरात माणसं दोनच. नवरा श्याम, त्याच्या डोक्यावर विंचरण्यापुरतेही केस उरले नव्हते, त्याला आकडे कशाला हवेत? शेजारणी म्हणत, कावळे नेत असतील घरट्याला. हेमा "असेल" म्हणायची आणि विषय सोडून द्यायची. आकडे कोण नेतं ते तिला ठाऊक होतं. ज्ञानू नेत होती.

ज्ञानू म्हणजे ज्ञानेश्वरी, हेमाची एकुलती एक मुलगी. कॉलेजात जायला लागल्यापासून तिला आईचेच आकडे लागत. स्वतःचे म्हणून कधी आणील तर शपथ. "आई, दोन घेतले गो!" असं ओरडून सांगायची, आणि तेही फाटक ओलांडल्यावर. खोड तशी साधीच. फक्त ज्ञानूला जाऊन आता तेरा वर्षं होऊन गेली होती, आणि आकडे जायचे थांबले नव्हते.

मिरजोळ्याला कारखान्यांच्या शेड संपल्या की रस्ता उतरणीला लागतो, आणि खाली वाडीत पानवलकरांचं घर आहे. चार खोल्यांचं, जांभ्या चिऱ्याचं, श्यामनं नोकरीत असताना बांधलेलं. पुढल्या दारी लख्ख ऊन. मागीलदारी मात्र फणस, रातांबा आणि सात माड असे काही दाटीनं उभे, की भर दुपारी सुई ओवायची झाली तर पुढल्या दारी यावं लागे. त्या सावलीत एका अंगाला विहीर, समोर हद्दीला चिऱ्यांचा रचलेला गडगा, आणि गडग्यापलीकडे पऱ्या. पावसाळाभर तो वाहतो, आणि त्याच्या आवाजात ज्याला जे हवं ते ऐकू येतं.

अशा जागी जास्वंद लावली तर नुसती पानं. अबोली रुसते. अळू तेवढं माजतं. ज्ञानूनं तिथे नेचे लावले होते. वनस्पतिशास्त्र शिकत होती, सुट्टी असली की कातळाच्या सड्यावर नाहीतर घाटात हिंडायची आणि पिशवीत ओल्या गोणपाटात गुंडाळून काहीतरी घेऊन यायची. नेच्याला ना फूल ना फळ. नुसत्या पानांवर संसार. विहिरीच्या आतल्या फटींत, ओल्या दरडीवर, पडक्या भिंतीत तो आपसूक येतो. तुम्ही हौसेनं लावायला गेलात की नखरे सुरू. पण ज्ञानूच्या हाताला यश होतं. एक नेचा तर असा, की त्याचं पान हातावर ठेवून चापट मारली की पांढराशुभ्र ठसा उमटायचा. हेमा भाकऱ्या थापत असली की ही मागून येऊन तिच्या दंडावर ठसा उमटवून पळायची. हेमा ओरडायची. ठसा मात्र पुसायची नाही.

आता ती बाग हेमा सांभाळत होती, आणि इतकी चांगली सांभाळत होती की मांडवीपासूनच्या बायका विचारत यायच्या. वाडीत तिचं नावच नेचेवाली काकू पडलं. येणारीला ती रोप फुकट द्यायची, पण आधी ऐकून घ्यावं लागे. "चिऱ्याची भुकटी, कुजलेला पाला आणि नारळाच्या सोडणाचा भुसा. शेणखत घालायचं नाही, हा काय भोपळा आहे? पाणी डोक्यावर ओतायचं नाही, बाजूचा चिरा भिजवायचा. नेचा गारव्यावर जगतो." फणसाच्या खोडाला धरून वाढणारं बाशिंग कुणी मागितलं तर आणखी एक ताकीद मिळे. बाशिंगाची खालची पानं तपकिरी, कडकडीत वाळलेली असतात. मांडवीच्या एका टापटिपीच्या बाईंनी ती मेली समजून एकूण एक खुडून टाकली आणि वर तक्रार घेऊन आल्या, की तुमचं झाड जगेना. "बाई, ती मेलेली नव्हती," हेमा म्हणाली. "वरून पडणारा पाला ती धरून ठेवतात, त्यावर झाड जेवतं. तुम्ही त्याचं ताटच काढून घेतलंत."

सगळं द्यायची, हंसराज द्यायची नाही. त्याच्या जवळ कुणाला फिरकू द्यायची नाही.

त्याचं कारण दोन हजार दहा सालच्या जुलैत होतं. मालगुंडाहून ज्ञानूला बघायला माणसं यायची होती. ज्ञानूला कोल्हापूरला पुढे शिकायला प्रवेश मिळालेला, तिला लग्नाचं नावही नको होतं. पण स्थळ चांगलं होतं आणि हेमा हट्टाला पेटली होती. घर झाडून पुसून झालं, आणि तिची नजर मागच्या पायरीकडे गेली. पायरीच्या दोन्ही अंगांना ज्ञानूनं हंसराज लावला होता. नाजूक पानं, आणि केसासारखी बारीक, काळी, चकचकीत दांडी. हेमाला त्या दिवशी त्यातलं काही दिसलं नाही. "फूल ना फळ. असली वांझोटी झाडं दारात बघून लोक काय म्हणतील?" असं म्हणत तिनं ती उपटली आणि गडग्याच्या दिशेनं भिरकावून दिली.

ज्ञानू आली, रिकामी पायरी बघितली. भांडली नाही. त्यापेक्षा भांडली असती तर बरं. आत जाऊन पिशवी भरली. दोन दिवसांनी निघायचं होतं ती त्याच दुपारी निघाली. केसांना ती नेहमीची निळी, फुलपाखराची क्लिप लावली. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आई, जाते."

आपल्यात घराबाहेर पडणारं माणूस "जाते" म्हणत नाही. "येते" म्हणतं. नळावर निघालेली बाईसुद्धा "येते गो" म्हणूनच निघते. लहान पोर चुकून "जातो" म्हणालं तर आजी तिथल्या तिथे त्याला परत बोलवून "येतो" म्हणायला लावते. ज्ञानूला हे ठाऊक नव्हतं थोडंच! ती मुद्दाम म्हणाली, आईला लागावं म्हणून. आणि हेमाला लागलं. चुलीकडे तोंड करून ती बसली होती, तिला नुसतं वळून "येते म्हण" एवढं म्हणता आलं असतं. ती वळली नाही. "जा," म्हणाली.

अकराव्या दिवशी कोल्हापूरहून फोन आला. पावसाळी ताप. चिखलातून, पायाच्या जखमेतून येतो, असं डॉक्टर म्हणाले. हेमा आणि श्याम पोचले तेव्हा ज्ञानू बोलण्याच्या पलीकडे गेली होती. दोन दिवसांनी ती गेली. जाते म्हणाली होती, गेली. जा म्हटलं होतं, गेली. हेमाच्या डोक्यात ही दोन वाक्यं घट्ट बसली, ती कुणाला काढता आली नाहीत. त्या दिवसापासून तिनं तो शब्द तोंडातून काढला नाही. गॅसवाल्याला "या आता" म्हणायची. मांजराला हुसकायचं तरी नुसतं "हूड" करायची, जा म्हणायची नाही. लोक हसायचे. हसोत.

पहिलं वर्ष तिनं विहिरीच्या काठावर काढलं असं म्हटलं तरी चालेल. दुपारी कामं आटोपली की काठावर जाऊन बसायची आणि खाली बघायची. श्याम भूमापन खात्यात होता. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, साखळ्या ओढल्या, खुंट्या ठोकल्या. बोलायला त्याला पैसे पडत असावेत. मनात काय आहे त्याचा ताकास तूर लागू द्यायचा नाही. त्यानं बायकोला एका शब्दानं विचारलं नाही. एक दिवस रजा टाकली, विहिरीला लोखंडी जाळी बसवून घेतली, आणि किल्ली स्वतःच्या जानव्याला बांधावी तशी करदोट्याला बांधली.

पुढच्या श्रावणात एका सकाळी त्यानं मागून हाक मारली. "हेमा, इकडे ये. तू टाकलेलंस ना, ते जगलंय."

गडग्याच्या पायथ्याशी, चिऱ्यांच्या ओलीत, हंसराजाचं एक रोप उभं होतं. हेमा त्याच्यासमोर फतकल मारून बसली आणि वर्षभरात पहिल्यांदा मोठ्यानं रडली. त्यानंतर ती रोज सकाळी येऊन बघू लागली. पंधरा दिवसांनी बघते तर रोपाचं एक पान घराच्या दिशेनं वाकलेलं, त्याचं टोक जमिनीला टेकलेलं, आणि टोकाशी नवा कोंब.

"ज्ञानू सांगायची," श्याम म्हणाला. "चालतं झाड हे. पानाचं टोक मातीला टेकलं की तिथे मूळ धरतं. मग तिथून पुढे."

हेमानं रोपाकडे बघितलं, मग पायरीकडे. "अहो, ती येतेय," ती म्हणाली. "घरी येतेय ती. तिचं पाऊल दाराला लागेस्तोवर मी कुठे जात नाही. मग सुटले."

श्यामनंही पायरीकडे बघितलं. जन्माची सवय, नुसत्या नजरेनं मोजलं. "अकरा हात आहेत," तो म्हणाला.

तेव्हापासून हेमाचं वर्ष पंचांगावर चालेनासं झालं, ते हंसराजावर चालू लागलं. मृगाबरोबर तो यायचा. एका पावसाळ्यात दोन पावलं टाकायचा, मिळून एक हात. दिवाळी झाली की वाळायचा, आणि माघ-फाल्गुनात तिथे झाड होतं हे सांगूनही खरं वाटू नये अशी नुसती माती. उन्हाळाभर तिच्या जिवाला घोर. यंदा आली नाही तर? पण यायची. मागचं रोप नाहीसं झालेलं असायचं, पुढचं तेवढं उभं. पाऊल पुढे टाकल्यावर मागचं उचलावंच लागतं, हेमाला त्यात नवल वाटलं नाही. आणि चालायची ती किती सरळ! गडग्यापासून पायरीपर्यंत दोरी धरावी अशी. बोटभरही इकडेतिकडे नाही. रानातलं झाड असं चालेल का? घर ठाऊक असलेलं माणूसच असं चालतं.

आकडे जायचेच. भर दुपारी मागीलदारी गेलं की कधी फणसाखाली खोबरेल आणि ओल्या केसांचा वास यायचा. कधी गडग्यापाशी ओल्या चपलांची चट्‌ चट्‌ ऐकू यायची, आणि हेमा हातातलं काम टाकून दाराशी यायची तो तिथे नुसती सावली. तिला भीती वाटली नाही कधी. आपल्या पोरीची कसली भीती? वाटायची ती निराळीच. ती रागानं येत असेल तर?

कामाला येणाऱ्या गंगुबाईला मात्र हे बिलकूल पसंत नव्हतं. "वयनी, म्हनू नये, पन सांगतंय," ती भांडी घासता घासता म्हणायची. "चालतं झाड दारात येऊ देव नये. जां पायानं येतां, तां रिकाम्या हातानं परतत नाय."

"गंगू, तू तुझी भांडी घास," हेमा म्हणायची.

आठ वर्षं अशी गेली. मग हंसराज मंदावला. वर्षाला हातभर यायचा तो वीतभर येऊ लागला. तीन वर्षं वीत वीत. त्यानंतर तर चार बोटं. दार समोर दिसत असताना पाय अडखळावेत तसं. हेमाला झोप लागेना. तिला कळत होतं ते का. दाराशी आली, आणि तिला ते आठवलं. आईचं "जा" आठवलं.

गेल्या नवरात्रात श्याम आणि ती मागच्या पायरीवर चहा घेत बसली होती. हंसराज हाताच्या अंतरावर होता. श्याम एकाएकी म्हणाला, "आता हातभरच राहिलं. मग काय करशील?"

"मग काय? सुटले," हेमा म्हणाली.

श्यामनं कप खाली ठेवला. त्यानंतर बराच वेळ तो त्या रोपाकडे बघत होता.

माघात, रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी, भरल्या सकाळी त्याच पायरीवर बसल्या बसल्या श्याम गेला. वर्तमानपत्र मांडीवर, चष्मा नाकावर. डॉक्टर म्हणाले, हृदय. गंगुबाईनं त्या हातभर मोकळ्या मातीकडे आणि मग हेमाकडे बघून पदर तोंडाला लावला. एरवी कुणी म्हणालं असतं, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली. हेमाला तसं म्हणता येईना. ज्ञानू बापाची लाडकी होती. दाराशी आली आणि ज्याच्यासाठी आली होती त्याला घेऊन गेली. आईला तिनं हाक मारली नाही.

आता घरात एकच माणूस राहिलं. हेमानं सगळी आशा पावसाळ्यावर ठेवली. हातभर अंतर. एकदा तिचं पाऊल पायरीला लागू दे, म्हणजे तिनं क्षमा केली असं समजेन. मग देव कधीही नेवो.

मृग लागला, हंसराज आला. आषाढात भरभरून पानं सुटली. आणि श्रावणात एका सकाळी हेमा बघायला गेली ती रोपाभोवती दोनदा फिरली. हंसराज दाराकडे येतच नव्हता. एक पान विहिरीकडे टेकलं होतं, दोन रातांब्याकडे, तीन-चार थेट उलटी, गडग्याकडे. सगळीकडे कोंब, दाराच्या अंगाला मात्र एक नाही. ज्ञानू वळली होती. हेमानं आत येऊन आरशाखालची वाटी पालथी केली. बाराच्या बारा आकडे. पावसाळा अर्धा सरला तरी एकही गेला नव्हता. पुन्हा मोजले. बारा. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्या घरात ती अगदी एकटी होती, आणि आकडे पुरे भरले म्हणून कुणी बाई कधी रडली नसेल तशी ती रडली.

गौरी-गणपती झाल्यावर नम्रता आली. ज्ञानूची मैत्रीण, आता स्वतःच एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. वर्षातून एकदा न चुकता यायची. हेमाची दशा बघून तिनं खोदून खोदून विचारलं, आणि हेमानं आजवर कुणाला न सांगितलेलं सगळं सांगून टाकलं. अकरा हात, सरळ वाट, वर्षाला हातभर, आणि यंदा ती कशी पाठ फिरवून निघाली ते.

नम्रता उठून मागीलदारी गेली. वाकून रोप बघितलं, गडग्यापर्यंत नजर टाकली. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"काकू, यंदा वाढलाय तशीच त्याची रीत आहे," ती हळूच म्हणाली. "चहूकडे पसरतो तो. मोकळा सोडला असता तर दोन-तीन पावसांत त्यानं अख्खं परसू भरलं असतं, तुमच्या पायरीवरही चढला असता. वर्षाला एक हात, आणि तोही सरळ रेषेत? काकू, त्याला कुणीतरी धरून चालवलंय."

"माझ्या पोरीनं," हेमा म्हणाली.

नम्रतानं तिचा हात हातात घेतला. मग तिला राहवलं नाही. "आम्हीही करतो तसं. हवं ते पान वाकवायचं, टोक मातीवर ठेवायचं आणि वर तारेचा आकडा खुपसायचा, म्हणजे हलत नाही. बाकीची रोपं काढून टाकायची. मातीत बघा, काही सापडतं का."

आकडा म्हटल्यावर हेमाचा हात आपोआप अंबाड्याकडे गेला. एक आकडा तिनं बोटांनी चाचपला. मग तिचा आवाज चढला. "नम्रता, तू आता..." पुढचा शब्द तिच्या ओठांवर आला होता. तो तिनं गिळला. "ये तू आता. पुन्हा कधीतरी ये."

नम्रता गेल्यावर हेमा खुरपं घेऊन बसली. रोपाच्या मुळाशी हलक्या हातानं माती उकरली. बोटभर खोलीवर लोखंड लागलं. गंज चढलेला, पण तिचाच आकडा. तिच्या अंबाड्यातले ओळखू येणार नाहीत असं थोडंच आहे! चार बोटं मागे सरकली. दुसरा आकडा. आणखी चार बोटं मागे तिसरा. मग वीतभर मागे चौथा, पाचवा. पुढे अंतर तेवढंच राहिलं, आणि ओळ सरळ, दोरी धरल्यासारखी. खुंट्या ठोकून ठोकून ज्याचा जन्म गेला त्याच माणसाला अशी ओळ साधते. दुपारी ती लवंडली की तो इथे येऊन बसत असणार. चट्‌ चट्‌ वाजायची ती त्याचीच ओली चप्पल. वीस आकडे निघाले. बरेचसे हातात घेताच भुगा होऊन जात होते.

आधी तिला संताप आला. तेरा वर्षं! तेरा वर्षं या माणसानं मला भुलवलं, माझ्याच आकड्यांनी, आणि समोर बसून चहा प्यायला. खुरपं तिनं गडग्यावरून पलीकडे फेकून दिलं. मग तिचं लक्ष पुन्हा त्या खड्ड्यांकडे गेलं. गडग्याकडून पायरीकडे बघत आली. अर्ध्या अर्ध्या हातावर, अर्ध्या अर्ध्या हातावर. पुढे वर्षाला एकच, वीतभर. शेवटी चार बोटं आणि चार बोटं.

ज्याला दोन पावसांत दारात आणता आलं असतं, त्याला त्यानं इतकं रखडवलं कशाला? आणि दार जवळ आल्यावर तर पाय जवळजवळ बांधूनच टाकले. हेमाच्या कानांत तिचेच शब्द वाजले. तिचं पाऊल दाराला लागेस्तोवर मी कुठे जात नाही. मग सुटले. श्यामनं ते ऐकून घेतलं होतं, अकरा हात मोजले होते, आणि तेवढ्यात जितकी वर्षं बसवता येतील तितकी बसवली होती. जसजशी पायरी जवळ येत गेली तसतसा तो माणूस घाबरत गेला असला पाहिजे. मग काय करशील, म्हणून विचारलं होतं त्यानं. आणि आपण काय उत्तर दिलं!

"अहो," ती मातीत बसल्या बसल्या म्हणाली. "एकदा तरी बोलायचंत."

एकविसावी जागा राहिली होती, सगळ्यांत जुनी, गडग्याच्या अगदी पायथ्याची. तिथे तिनं बोटांनीच उकरलं. आकडा नव्हता. निळं काहीतरी होतं. मातीनं भरलेली, पण न गंजलेली, प्लॅस्टिकची फुलपाखराची क्लिप.

हेमानं ती धुतली आणि हातात घेऊन बसली. कोल्हापुरात ज्ञानूला शेवटचं बघितलं तेव्हा ही क्लिप तिच्या केसांत होती. केसांतच गेली, असं ती आजवर धरून चालली होती. श्यामनं काढून घेतली असेल. घेतलीच असेल, दुसरं कोण घेणार? तरी तिनं ते स्वतःला दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा फणसाखालून तो खोबरेलाचा वास आला.

गडग्यापलीकडे ती चौदा वर्षांत गेली नव्हती. ज्या दिशेला आपण ते झाड भिरकावलं तिकडे पाऊल वळत नव्हतं. आज खुरपं आणायला म्हणून गडग्याच्या खिंडारातून पलीकडे गेली, आणि जागच्या जागी उभी राहिली. पऱ्याची अख्खी दरड हंसराजानं भरली होती. दर वर्षी मागचं पाऊल उचललं जायचं ते इथे आलं होतं. एकही रोप श्यामनं फेकलं नव्हतं.

परत आली तोवर उन्हाची एक तिरीप, वर्षात कधी नव्हे ती, माडांतून पायरीवर आली होती. हेमा हंसराजापाशी बसली. दाराच्या अंगाला वाकलेलं एकही पान नव्हतं, म्हणून सगळ्यांत लांब होतं ते तिनं दोन बोटांनी हलकेच वळवलं. पायरी हातभर अंतरावर. पान चांगलं लांब होतं. टोक वीतभर पुढे सहज टेकलं असतं. अशी दोन पावलं, की याच पावसात दार.

तिनं पान आखडतं घेतलं. जमिनीवर चार बोटं ठेवली, टोक तिथे टेकवलं, आणि अंबाड्यातला आकडा काढून वरून दाबला.

"सावकाश ये गो," ती म्हणाली. "मला आता घाई नाही."

गंगुबाई भांडी आवरून निघाली होती, तिनं दारातून हाक दिली, "वयनी, येतंय हां!" हेमा "ये" म्हणाली. गुडघ्यावर हात टेकून उठताना सवयीनं तिचा हात अंबाड्याकडे गेला. एक आकडा कमी होता. तो कुठे गेला ते आज पहिल्यांदाच तिला माहीत होतं.